पेट्यांमधली बैठक

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे. दोन बॅगा, माझ्या हत्यारांची पेटी आणि आत्याची शिवणाची पिशवी. ती पिशवी सहा तासांच्या प्रवासात तिने एकदाही मांडीवरून खाली ठेवली नाही.

संग्रहालयाच्या मागे कर्मचाऱ्यांसाठी दोन-दोन खोल्यांची चार घरं आहेत, त्यांतलं शेवटचं आमचं. आत्याने आल्या आल्या त्याची परीक्षा घेतली. नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी लावून काढून पाहिली, गादीवर बसून उड्या मारल्या आणि निकाल दिला, की नळाला पाणी आहे, खिडकीला ऊन आहे, म्हणजे इथली माणसं बरी असणार. मी म्हटलं, नळावरून माणसांची पारख करणारी तूच एक. ती म्हणाली, ठके, तुझ्या बापाच्या घरचा नळ कायम गळायचा, आठव.

एक्केचाळीस वर्षांची झाले तरी मी तिची ठकीच. आई-बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून ही माझी आई, बाप आणि वेळ पडली तर मास्तर. लग्न केलं नाही. स्वतःचं घर कधी झालं नाही. आधी भावाच्या घरी, मग चुलत्यांच्या, आता माझ्या. दोन वर्षांपासून ती विसरते. दूध उतू जातं, दार उघडं राहतं. तिला एकटी ठेवता येत नाही हे मी मुलाखतीतच सांगून टाकलं होतं. संचालिकाबाई म्हणाल्या, रोज सोबत आणा, दालनात खुर्ची टाकून देऊ.

अशी नोकरी मिळायला नशीब लागतं. आज झोप छान लागणार.

६ मार्च, गुरुवार

आज सगळं संग्रहालय फिरून पाहिलं. इस्लामी कलेचं एवढं मोठं दालन मी याआधी फोटोतच पाहिलं होतं. निळ्या-हिरव्या फरशांची भिंत, काचेचे मुलामा दिलेले दिवे, पितळी खगोलयंत्रं, आणि एक गालिचा, त्याच्यासमोर मी चांगला अर्धा तास उभी राहिले. संग्रहालयाचं हे पन्नासावं वर्ष. १२ जूनला सुवर्णमहोत्सवाचा समारंभ आहे आणि त्या दिवशी एक नवं दालन उघडायचं आहे. त्यासाठीच मला आणलंय.

तळघरात चौऱ्याऐंशी पेट्या आहेत. त्यांत एक अख्खी खोली आहे! एका जुन्या घराची पाहुण्यांची बैठक: रंगवलेल्या लाकडी फळ्या, छताच्या तुळया, कोनाडे, कपाटाची दारं, सगळं सुटं करून भरलेलं. संस्थापकांनी पन्नास वर्षांपूर्वी ती खोली दूरदेशातून आणली. पहिल्या वर्षी काही दिवस उभी केली होती, मग गळतीमुळे उतरवली, असं फाइलीत लिहिलंय. आता ती साफ करून, डागडुजी करून पुन्हा उभी करायची.

माझ्यासोबत दोघं आहेत. एक सुतार, त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. बोलणं मोजकं, पण हात असा की लाकूड स्वतःहून ऐकतं. दुसरे उस्ताद. वय पंच्याहत्तर, जुन्या लिप्या वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. तरुणपणी संस्थापकांच्या हाताखाली लागले, निवृत्तीनंतरही रोज येतात. आत्याला त्यांनी वाकून आदाब केला, तर ही लाजली. सत्तराव्या वर्षी!

१४ मार्च, शुक्रवार

एकवीस पेट्या उघडून झाल्या. प्रत्येक फळीच्या पाठीवर लाल पेन्सिलने आकडा आहे. वरचा वार्निशाचा थर काळवंडलाय, पण त्याच्याखाली काय रंग! डाळिंबं, फुलदाण्या, सोन्याचा वर्ख. नाजूक जागा साफ करायला आपली लाळ सगळ्यात चांगली, हे आमच्या जुन्या वस्तू दुरुस्त करायच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी कापसाचा बोळा जिभेवर ओला करून फळीवर फिरवताना आत्याने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. एवढं शिकवलं ते थुंकायला, म्हणाली. मिस्त्रींना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

खोलीच्या वरच्या पट्टीवर चारही बाजूंनी ओळी लिहिल्या आहेत. उस्तादांनी वाचून अर्थ सांगितला: या, बसा, या दारात परका कुणी नाही, जो बसला तो घरचा. आत्या म्हणाली, किती छान, आपल्याकडे कुणी असं लिहिलं नाही हो. उस्तादांनी चष्मा काढून पुसला आणि पुढची फळी उजेडाकडे वळवली.

२७ मार्च, गुरुवार

तीन भिंती उभ्या राहिल्या. खोलीची जमीन दालनापेक्षा पायरीभर उंच आहे, तिथे आम्ही चपला काढून, कापडी मोजे घालून चढतो. आत तिन्ही भिंतींना लागून बसायची रुंद लाकडी बैठक.

एक गंमत लिहून ठेवते. दुपारी जेवायला उतरलो तर आमच्या चपला पायरीशी ओळीने लावलेल्या होत्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. पाय घातला की झालं. मला वाटलं मिस्त्रींनी लावल्या. त्यांना वाटलं मी. संध्याकाळी पुन्हा तसंच. आत्या खुर्चीवरून म्हणाली, पाहुण्यांच्या चपला अशाच फिरवून ठेवायच्या असतात, जाताना त्यांना वळायला लागू नये; घरमालकीण शहाणी दिसते. मी म्हटलं, म्हणजे तूच उठून लावल्यास. ती म्हणाली, मला कुठे वाकता येतंय.

तिचंच काम असणार. करते आणि विसरते.

८ एप्रिल, मंगळवार

आत्या फार सुधारली आहे. काल सकाळी तिने मला माझ्या शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांची नावं क्रमाने सांगितली. दूध उतू गेलं नाही. रात्री उठून दार उघडलं नाही. जागा मानवली म्हणायची.

फक्त ती आता खुर्चीवर बसत नाही. मी पाठ वळवली की आत बैठकीवर जाऊन बसते, भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन. रंगाला धक्का लागेल म्हणून मी चार वेळा उठवलं. ती म्हणते, बस म्हटलं म्हणून बसले. कोण म्हणालं विचारलं तर माझ्याकडे अशी पाहते, जणू मीच विसरभोळी.

आणि बैठक गरम होती. ती उठली त्या जागी गरम असणार, त्यात काय. पण तिच्या डाव्या बाजूची जागाही गरम होती. मी हात लावून पाहिला. उजवीकडे लाकूड थंडगार, डावीकडे माणूस नुकतं उठून गेल्यासारखं.

१७ एप्रिल, गुरुवार

जेवताना आत्या म्हणाली, ती दोऱ्याने चष्मा बांधलेली बाई तुझ्या कामाला नावं ठेवते. डावीकडच्या कोनाड्यावरची फळी उलटी लावलीस म्हणते, डाळिंबाचा देठ खाली हवा.

मी विचारलं, कोण बाई? ती म्हणाली, अगं दोघी आहेत ना. एक मूळची घरची, ती फारसं बोलत नाही. दुसरी नंतर आलेली, ती बोलघेवडी. चष्म्याची दांडी मोडली म्हणून कानाला दोरा बांधलाय.

मी हसून विषय बदलला. दुपारी मिस्त्रींसोबत फळी उतरवून पाठ पाहिली. लाल आकडा उलटा होता. आम्हीच उलटी बसवली होती.

आत्याला त्या आकड्याबद्दल माहीत असणं शक्य नाही. तिने कधी फळीची पाठ पाहिलेली नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज पाहिलं ते आधी लिहून ठेवते.

सुवर्णमहोत्सवाच्या पुस्तकासाठी संचालिकाबाई जुने फोटो निवडत होत्या. मला बोलावलं, पहिल्या वर्षी खोली कशी उभी केली होती ते पाहा म्हणाल्या. फोटोत संस्थापक आहेत, आणि बैठकीवर त्यांच्या शेजारी एक वयस्क बाई. चौकड्यांची शाल. गोल चष्मा. उजव्या कानाला दोऱ्याचा वेढा.

मी विचारलं, या कोण. संस्थापकांची थोरली बहीण. तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं म्हणे, लग्न केलं नाही. उद्घाटनाला आली आणि थोड्याच दिवसांत वारली. पुढे काही बाईंना माहीत नव्हतं.

हा फोटो कुठे छापून आलाय का, कुठे टांगलाय का, हे मी तीन वेळा विचारलं. नाही. पन्नास वर्षांत पाकीट आजच उघडलं.

९ मे, शुक्रवार

आत्याला आता घरी ठेवते. शेजारची कारकुनाची बायको दिवसभर लक्ष ठेवते. बिचारी भली आहे, पण आत्या तिच्याशी बोलत नाही. खिडकीत बसून संग्रहालयाच्या भिंतीकडे पाहत राहते.

खोली पूर्ण उभी झाली. मागच्या भिंतीत एक लहान दार आहे. मूळ घरात ते आतल्या खोल्यांकडे जात असणार. इथे त्याच्यामागे वीतभर पोकळी आणि मग संग्रहालयाची गिलाव्याची भिंत. मी स्वतः उघडून, बॅटरी लावून पाहिलं. पाहुण्यांनी उघडू नये म्हणून मिस्त्रींनी त्याला चार स्क्रू मारले.

आज सकाळी स्क्रू बैठकीवर होते. ओळीने, एकाशेजारी एक, कापडाच्या तुकड्यावर. दार लोटलेलं. मिस्त्रींनी पुन्हा मारले. जेवून आलो तर पुन्हा ओळीने. दालनाला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला.

मिस्त्री म्हणाले, ताई, हे त्यांचं माजघराचं दार आहे, ते बंद ठेवणं त्यांना आवडत नसेल. मी ओरडले त्यांच्यावर. कोणाला आवडत नसेल म्हणून. त्यांनी हत्यारं आवरली. बाहेर येऊन म्हणाले, माझे वडील इथेच काम करत होते, पहिल्यांदा ही खोली त्यांनी उभारली होती. पेट्या खाली गेल्यावर मरेपर्यंत तळघरात पाऊल टाकलं नाही त्यांनी.

१५ मे, गुरुवार

कारकुनाची बायको जरा डोळा लागला म्हणते. आत्या अनवाणी चालत आली, पहारेकऱ्याने ओळखीची म्हणून सोडली. मी तिला बैठकीवर पाहिलं तेव्हा तिची मान डाव्या बाजूला कलली होती, ऐकत असल्यासारखी.

मी हात धरून उठवलं. तिने वर पाहिलं आणि मला म्हणाली, आलीस का सूनबाई.

मी म्हटलं, आत्या, मी ठकी. ती हसली. परक्या माणसाला समजूतदारपणे हसतो तसं. म्हणाली, ठकी लहान आहे गं अजून.

पायरीशी माझ्या चपला होत्या. कुणी फिरवलेल्या नव्हत्या. आज तोंडं आतल्या बाजूला होती, मी काढल्या तशीच. दीड महिन्यात पहिल्यांदा.

मी पाहुणी राहिले नाही—

हे लिहिलं आणि वही मिटून टाकली होती. पुन्हा उघडतेय. डॉक्टरांची वेळ घेतलीय परवाची. डॉक्टर सांगतील.

२१ मे, बुधवार

डॉक्टर म्हणाले वय. जुन्या-नव्याची सरमिसळ होते, घाबरू नका. गोळ्या दिल्या.

संचालिकाबाईंना सगळं सांगितलं. चपला, स्क्रू, चष्मा. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. मग म्हणाल्या, बारा वर्षं हे संग्रहालय बंद पडू नये म्हणून मी दारोदार फिरलेय, तीनशे निमंत्रणं गेली आहेत, आता मी काय सांगू लोकांना? तुम्ही दमला आहात. आठ दिवस सुट्टी घ्या, खोली तर झालीच आहे.

मला दमले असायला आवडलं असतं.

२८ मे, बुधवार

उस्ताद घरी आले. आत्या झोपली होती. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. संस्थापकांच्या हातचं पत्र, कुणा मित्राला लिहिलेलं, कधी न टाकलेलं. पन्नास वर्षं उस्तादांनी जपलेलं.

जसंच्या तसं उतरवते: “घरात साथ येऊन सगळे गेले होते. एक म्हातारी उरली होती. दूरच्या पुतण्याने खोली विकली, पण म्हातारी बैठकीवरून उठेना. थांबायला वेळ नव्हता, जहाज ठरलं होतं. आम्ही तिच्याभोवतीनं काम केलं. एकेक फळी निघाली की ती अशी कळवळायची, जणू तिचीच फासळी काढली. बाराव्या दिवशी शेवटची फळी उतरली आणि आवाज थांबला. तिला उघड्या आकाशाखाली ठेवून आम्ही पेट्या भरल्या.”

आम्ही तिच्याभोवतीनं काम केलं. हे वाक्य मी किती वेळा वाचलं.

मग उस्तादांनी उरलेलं सांगितलं. पहिल्या वर्षी संस्थापकांची बहीण खोलीत बसली ती उठेना. हे माझं घर आहे म्हणायची. दहा दिवस लोकांनी हसण्यावारी नेलं. अकराव्या दिवशी दुपारी, दालनात माणसं असताना, ती बैठकीवर नव्हती. कुणी तिला बाहेर जाताना पाहिलं नाही. पुन्हा कधीच पाहिलं नाही. संस्थापकांनी स्वतःच्या हाताने खोली उतरवली, फाइलीत गळती लिहिलं. उस्ताद तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. नोकरी देणाऱ्या माणसाविरुद्ध बोलले नाहीत. त्यांना वाटलं होतं, पन्नास वर्षांत ती म्हातारी शांत झाली असेल.

मी विचारलं, हे भूत काय मागतंय? उस्तादांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, तिला भूत म्हणू नका बेटी. ती घरमालकीण आहे. चोर आपण आहोत. तिचं घर रिकामं झालं, ती ते पुन्हा भरते आहे. ज्यांना स्वतःचं घर नाही त्यांना आधी बोलावते.

मला रडू आलं नाही. मी उठून आत्याच्या खोलीचं दार उघडून पाहिलं. झोपली होती. झोपेत कुणाला तरी हो म्हणत होती.

२ जून, सोमवार

सुट्टीचा वार, संग्रहालय बंद. मी ठरवलं, खोली उतरवायची. नोकरी गेली तर गेली. मिस्त्री एका शब्दावर आले. उस्ताद आत्याजवळ बसले.

सकाळी साडेदहाला आम्ही पहिली फळी सोडवली. दाराजवळची, आकडा एक. स्क्रू सहज निघाले. फळी हातात आली आणि मागच्या घरांकडून ओरडणं ऐकू आलं. मी तो आवाज ओळखते. मी सहा वर्षांची असल्यापासून ओळखते.

उस्ताद धावत आले. श्वास लागला होता. बंद करा, एवढंच म्हणाले.

आत्याच्या उजव्या कुशीवर, बरगडीवर, हातभर लांब काळंनिळं. फळीच्या रुंदीचं.

आम्ही फळी परत बसवली. अर्ध्या तासात निळं उतरलं. मिस्त्री खाली बसून लहान मुलासारखे रडले. म्हणाले, ताई, चौऱ्याऐंशी पेट्या आहेत.

ठेवली तर नेणार. उतरवली तर मारणार.

३ जून, मंगळवार

पहाटेची गाडी पकडली. आत्या, मी, एक बॅग. माझ्या जुन्या मैत्रिणीकडे जातोय. सहा तास. अंतर वाढेल तसं सुटेल. सुटायला हवं.

आत्या खिडकीतून मागे पाहत होती. शिवणाची पिशवी घ्यायची राहिली म्हणाली. कुठे आहे विचारलं. म्हणाली, घरी.

७ जून, शनिवार

जेवत नाही. चार दिवस फक्त पाणी. हातपाय बर्फासारखे. मैत्रिणीने दोन डॉक्टर आणले, दोघांना काही सापडलं नाही.

आज तिने मला हाक मारली. ठके म्हणाली. ठके! मी धावले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, आयुष्यभर मी लोकांकडे राहिले गं. कुणी वाईट वागलं नाही. पण सगळ्यांनी मला सरकून जागा दिली. तिथे कुणी सरकत नाही. जागा असतेच.

मी म्हटलं, माझ्या घरात तू सरकून राहिलीस?

ती म्हणाली, मला घरी ने.

९ जून, सोमवार

नाडी लागत नाही म्हणतात डॉक्टर. लागते, पण फार खोल. मी कान लावून ऐकते. मधे इतका वेळ जातो की—

आणखी दोन दिवस, जास्तीत जास्त.

मी काय करू? ती इथे मेली तर माझी म्हणून मरेल. तिथे नेली तर जगेल, पण कुणाची?

मला माझी आत्या हवी आहे. कुणाचीही असो. जगू दे.

१० जून, मंगळवार

परत. फाटकातून आत आलो तेव्हा ती उठून बसली. गालावर रंग. भूक लागली म्हणाली.

दालनात फुलं लावताहेत, दोऱ्या बांधताहेत. मोठा फलक: पन्नास वर्षे. खोलीबाहेरच्या पाटीवर लिहिलंय, एका घराण्याने आनंदाने दिलेली भेट. मी संचालिकाबाईंच्या हातात पत्र दिलं. वाचताना त्यांचा चेहरा उतरला, खरंच उतरला. समारंभ झाला की पाटी बदलू म्हणाल्या. आनंदाच्या दिवशी सुतक नको.

इतके दिवस दूर राहून आल्यावर खोली लहान वाटली पाहिजे. वाटत नाही.

११ जून, बुधवार

आत्या सकाळीच खोलीत गेली. मी अडवलं नाही. बैठकीवर बसून शिवतेय. शिवणाची पिशवी तिथेच होती, तिच्या शेजारी. कुणी नेऊन ठेवली विचारलं नाही.

उस्ताद उंबऱ्याशी उभे राहिले. दोन्ही हात पसरून, डोळे मिटून, बराच वेळ. मग आत वाकून वरच्या पट्टीवरच्या ओळींच्या भाषेत काही बोलले. मला म्हणाले, माफी मागितली. उत्तर आलं का विचारलं. म्हणाले, ती म्हणते उशीर झाला, पण बसून घ्या. मी नाही बसलो. मला नातवंडं आहेत.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच.

१२ जून, गुरुवार. सकाळ

आत्या बैठकीवर नव्हती.

नऊ वाजता होती. मी पाणी आणायला गेले. नऊ दहाला नव्हती. मागचं लहान दार लोटलेलं.

आत वाकून पाहिलं. गिलावा नाही. जिना खाली जातो. ऊन पडलंय त्यावर. दुपारचं ऊन. नऊ वाजता.

खालून भांड्यांचा आवाज. बायकांचं हसणं. त्यांत तिचं. असं हसताना मी तिला कधी—

हाक मारली. ओ आली. वर ये म्हटलं. तूच ये, म्हणाली. हात भरलेत.

तिला घेऊन येते. हात धरून. सहा वर्षांची होते तेव्हा तिने मला अशीच आणली होती, त्या रिकाम्या घरातून.

वही सोबत घेते.

तोच दिवस

वर आणली तिला. बैठकीपर्यंत. पुढे नाही येत. पायरी उतरता येत नाही. मलाही नाही. पाय उचलतो, ठेवतो तर आतच.

माणसं आली आहेत. तीनशे. टाळ्या. संचालिकाबाई पायरीशी उभ्या, हातभर अंतरावर. मी ओरडले. नाव घेऊन ओरडले. त्या माझ्यातून पलीकडे पाहत सांगताहेत, नक्षी पाहा, बैठक पाहा, आता रिकामी आहे पण कल्पना करा, इथे किती माणसं—

मिस्त्री मागे उभे. मान खाली. उस्ताद बघताहेत. सरळ माझ्याकडे. त्यांना दिसतेय मी. ओठ हलताहेत त्यांचे. रडताहेत.

एक मुलगी म्हणाली आई, बैठक गरम आहे. तिला ओढून नेलं.

गर्दी पातळ होतेय. दिवे मालवताहेत, बाहेरचे. इथे ऊन आहे.

चष्मेवाली सरकली नाही. जागा होतीच. आत्याच्या आणि तिच्या मध्ये. मी उभीच आहे. बसणार नाही. बसले की—

पाय दुखताहेत. किती वेळ झाला कळत नाही.

जिन्यावर पावलं. सावकाश. म्हातारं माणूस येतं तशी. एक पायरी, थांबणं, एक पायरी.

आत्या म्हणते आता लिहिणं पुरे, त्या दमून वर आल्या आहेत, त्यांना हात—